मेंढी, ससा आणि खोकड : चिली व पातागोनियातील खोकडांच्या आहाराचा इतिहास

सारांश

दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात, म्हणजे चिली व अर्जेंटिनातील पातागोनिया या प्रदेशात, खोकडांच्या तीन प्रजाती आढळतात आणि काही ठिकाणी त्या एकाच अधिवासात राहतात. त्यांनी आपापसांत अन्नाची वाटणी कशी केली, हा प्रश्न आजवर प्रामुख्याने प्राणिशास्त्राचा मानला गेला. तथापि, त्यांच्या आहारात गेल्या दीडशे वर्षांत महत्त्व पावलेले मेंढी, हेअर व रॅबिट हे तिन्ही प्राणी मानवाने त्या प्रदेशात आणलेले आहेत आणि त्यांच्या आगमनाची नोंद इतिहासात उपलब्ध आहे. प्रस्तुत निबंधात १७८२ पासूनच्या नोंदी व अभ्यास यांच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, या खोकडांचा आहार हा निसर्गनियमांइतकाच वसाहत, पशुपालन आणि शासकीय निर्णय यांचाही परिणाम आहे. तसेच, खोकडांविषयीचे अनेक निर्णय त्यांचा आहार तपासण्यापूर्वीच घेतले गेले, हेही येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

१. प्रस्तावना

एकाच प्रदेशात राहणाऱ्या, एकमेकांशी साम्य असलेल्या दोन शिकारी प्रजाती दीर्घकाळ एकत्र कशा नांदतात, हा विसाव्या शतकातील परिसंस्थाशास्त्राचा एक मध्यवर्ती प्रश्न होता. रशियन शास्त्रज्ञ गाउझे यांनी १९३४ मध्ये असे मांडले की, ज्यांच्या गरजा तंतोतंत सारख्या आहेत अशा दोन प्रजाती एकत्र टिकू शकत नाहीत. त्यातून अन्नाच्या वाटणीचा विचार पुढे आला. मोठ्या प्राण्याने मोठे भक्ष्य घ्यावे, लहानाने लहान घ्यावे; एकाने रात्री हिंडावे, दुसऱ्याने दिवसा; एकाने झाडीत राहावे, दुसऱ्याने उघड्यावर, अशी ही वाटणी असते.

या विचाराची परीक्षा ज्या प्राण्यांवर पाहिली गेली त्यांत चिलीतील खोकडांना महत्त्वाचे स्थान आहे. तेथील तीन प्रजाती अशा : कुल्पेओ, करडे खोकड आणि डार्विनचे खोकड. कुल्पेओ आकाराने सर्वांत मोठे असून दक्षिणेकडे त्याचे वजन दहा किलोपर्यंत व क्वचित त्याहूनही अधिक भरते. करडे खोकड साधारण तीन ते पाच किलोचे असते. डार्विनचे खोकड सर्वांत लहान, आखूड पायांचे, गडद रंगाचे आणि दाट जंगलात राहणारे आहे.

परिभाषेसंबंधी येथे दोन खुलासे आवश्यक आहेत. मराठीत ‘कोल्हा’ व ‘खोकड’ हे दोन वेगळे प्राणी आहेत. बोलण्यात मात्र दोघांची गल्लत होते. दक्षिण अमेरिकेतही असेच घडले. स्पॅनिश वसाहतकारांनी तेथील या प्राण्यांना आपल्या मायदेशातील खोकडाचे ‘सोर्रो’ हे नाव दिले. प्रत्यक्षात ती खरी खोकडे नव्हेत. जनुकीय अभ्यासानुसार ती लांडगा व कुत्रा यांच्या शाखेला अधिक जवळची असून त्यांचा आजचा वंश ‘लायकॅलोपेक्स’ या नावाने ओळखला जातो. त्यांचे पूर्वज उत्तर व दक्षिण अमेरिका पनामाच्या संयोगभूमीने जोडल्या गेल्यानंतर दक्षिणेत पसरले. प्रस्तुत निबंधात रूढ नाव म्हणून ‘खोकड’ हाच शब्द वापरला आहे. दुसरा खुलासा सशासंबंधीचा आहे. मराठीत एकाच ‘ससा’ या शब्दाने ओळखले जाणारे दोन युरोपीय प्राणी या इतिहासात येतात. उघड्यावर राहणारा, मोठा व वेगवान तो हेअर. बिळे करून समूहाने राहणारा व झपाट्याने वाढणारा तो रॅबिट. दोघांचा इतिहास वेगळा असल्यामुळे ही दोन नावे तशीच ठेवली आहेत.

२. नामकरणाचा काळ : मोलिना ते डार्विन

या प्राण्यांची शास्त्रीय नोंद करण्याचा आरंभ चिलीत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू हुआन इग्नासिओ मोलिना यांच्यापासून होतो. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या साम्राज्यातून जेझुइटांना हद्दपार केले, त्यात मोलिनाही होते. इटलीतील बोलोन्या येथे राहून त्यांनी चिलीच्या निसर्गेतिहासावर ग्रंथ लिहिला आणि १७८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात कुल्पेओला शास्त्रीय नाव मिळाले. हे नाव मापुचे भाषेतील वेडेपणा या अर्थाच्या शब्दापासून आल्याचे सांगितले जाते. कारण हा प्राणी माणसाला पाहून पळण्याऐवजी कुतूहलाने थांबून राही आणि शिकाऱ्याच्या हाती लागे.

या कुतूहलाचे आणखी प्रसिद्ध उदाहरण चार्ल्स डार्विन यांच्या प्रवासवर्णनात आहे. डिसेंबर १८३४ मध्ये ‘बीगल’ जहाज चिलोए बेटाच्या दक्षिण टोकाजवळील सान पेद्रो बेटावर पोहोचले. जहाजावरील दोन अधिकारी किनाऱ्यावर थिओडोलाइटने मोजणी करीत होते आणि खडकावर बसलेले एक खोकड त्यांचे काम पाहण्यात इतके गुंतले होते की, डार्विन यांनी मागून जाऊन भूगर्भशास्त्राच्या हातोडीने ते ठार केले. तो नमुना लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या संग्रहालयात गेला. त्यावरून १८३७ मध्ये मार्टिन यांनी या प्रजातीचे वर्णन केले. करड्या खोकडाचे शास्त्रीय वर्णनही ग्रे यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केले.

अशा रीतीने १८३७ पर्यंत तिन्ही प्रजातींना नावे मिळाली. त्या काळी कातडी, कवटी, रंग व मोजमाप यांना महत्त्व होते आणि त्याप्रमाणे संग्रहालये भरत गेली. हा प्राणी काय खातो, हा प्रश्न मात्र वर्गीकरणाच्या दृष्टीने गौण होता. सान पेद्रोच्या त्या प्रसिद्ध प्रसंगातही खोकडाच्या आहाराविषयी काही सांगितलेले नाही. पुढील जवळजवळ सव्वाशे वर्षे या विषयावर पद्धतशीर अभ्यास फारसा झाला नाही. या दीर्घ काळात खोकडाच्या आहाराविषयी जी मते रूढ झाली, ती मुख्यतः मेंढपाळांची व जमीनदारांची होती.

३. फॉकलंडचा पूर्वानुभव

मेंढपाळाचे मत हेच प्रमाण मानले गेल्यास काय घडते, याचे उदाहरण पातागोनियाच्या किनाऱ्यापलीकडील फॉकलंड बेटांवर सापडते. तेथे ‘वॉरा’ नावाचा श्वानवर्गीय प्राणी होता. त्याला कधी फॉकलंडचे खोकड, तर कधी फॉकलंडचा लांडगा असे म्हणत. तो त्या बेटांवरील एकमेव मूळचा भूचर सस्तन प्राणी होता. त्यामुळे उंदीर किंवा सशासारखे भक्ष्य त्याला उपलब्धच नव्हते. जमिनीवर घरटी करणारे हंस, पेंग्विन यांसारखे पक्षी आणि समुद्रकिनाऱ्यावर मिळणारे अन्न यांवर तो जगत असावा.

डार्विन यांनी १८३३ व १८३४ मध्ये या बेटांना भेट दिली. वॉरा माणसाला घाबरत नाही, एका हातात मांसाचा तुकडा व दुसऱ्या हातात सुरी धरून गुराखी त्याला सहज मारतात, असे त्यांनी नोंदविले. बेटांवर नियमित वसाहत झाल्यास हा प्राणी थोड्याच वर्षांत डोडो पक्ष्याच्या वाटेने जाईल, असे भाकीतही त्यांनी केले. ते खरे ठरले. फरच्या व्यापारासाठी आणि पुढे मेंढ्यांच्या रक्षणासाठी त्याची हत्या झाली, विषप्रयोग करण्यात आले आणि १८७६ मध्ये तो नामशेष झाला. वॉरा प्रत्यक्षात किती मेंढ्या खात होता, याची तपासणी कधीही झाली नाही. ती करण्यास आज प्राणीच शिल्लक नाही. एकविसाव्या शतकातील जनुकीय अभ्यासात, आज जिवंत असलेल्या प्राण्यांपैकी आयाळधारी लांडगा हा त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक असल्याचे दिसून आले; म्हणजे चिलीच्या खोकडांशीही त्याचे नाते दूरचेच होते. तरीही मेंढपाळांच्या लेखी हे सर्व एकच होते.

४. मेंढ्यांचे आगमन

वॉरा नामशेष झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, फॉकलंड बेटांतून सुमारे ३०० मेंढ्या मागायानेसच्या सामुद्रधुनीतील इसाबेल बेटावर आणण्यात आल्या. हेन्री रेनार्ड या इंग्रज व्यापाऱ्याने केलेला हा प्रयोग यशस्वी झाला आणि काही दशकांतच दक्षिण पातागोनिया व तिएरा देल फुएगो हे जगातील मोठ्या लोकर-उत्पादक प्रदेशांत गणले जाऊ लागले. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसिएदाद एक्स्प्लोतादोरा दे तिएरा देल फुएगो’ या कंपनीच्या ताब्यात प्रचंड विस्ताराची कुरणे आली. फॉकलंडमधून केवळ मेंढ्याच आल्या असे नाही. कुरणांवर तारांची कुंपणे घालणे, भक्षक प्राण्यांवर विषप्रयोग करणे आणि मारलेल्या प्राण्यामागे बक्षीस देणे ही पशुपालनाची संपूर्ण रीत त्यांच्याबरोबर या प्रदेशात रुजली.

या रीतीची झळ केवळ वन्य प्राण्यांनाच बसली नाही. तिएरा देल फुएगोवरील सेल्कनाम लोकांचा निर्वाह गुआनाको या उंटवर्गीय प्राण्याच्या शिकारीवर चालत असे. कुंपणांमुळे गुआनाको हटले आणि त्यांच्या जागी मेंढ्या आल्या. सेल्कनामांनी मेंढीला ‘पांढरा गुआनाको’ मानून तिची शिकार केली, तेव्हा त्यांच्यावर चोरीचा आरोप ठेवून भाडोत्री बंदूकधाऱ्यांकरवी त्यांची कत्तल करण्यात आली; उरलेल्यांपैकी अनेकांना डॉसन बेटावरील मिशनमध्ये नेण्यात आले व तेथे रोगराईने बहुतेकांचा बळी घेतला. सेल्कनाम समाज नामशेष झाल्याचे पुढे दीर्घकाळ लिहिले गेले. मात्र त्यांच्या वंशजांच्या प्रयत्नांमुळे चिलीने २०२३ मध्ये कायद्याने त्यांना जिवंत आदिवासी समाज म्हणून मान्यता दिली. मानवी संहाराची आणि वन्य प्राण्यांच्या हत्येची तुलना होऊ शकत नाही. तथापि, दोन्हींच्या मुळाशी असलेली आर्थिक व्यवस्था एकच होती. जुने अन्न नाहीसे करून त्या जागी नवे आणावयाचे आणि ते नवे अन्न खाणाऱ्यास गुन्हेगार ठरवावयाचे, हे या व्यवस्थेचे सूत्र होते.

कुल्पेओच्या बाबतीत या व्यवस्थेचे दोन परस्परविरोधी परिणाम झाले. एकीकडे त्याला मारण्यासाठी विष, सापळे व बंदुका यांचा वापर झाला. दुसरीकडे मेंढ्यांची कोकरे, हिवाळ्यात मरणाऱ्या मेंढ्यांचे मृतमांस आणि नव्याने आलेले हेअर यांमुळे त्याला पूर्वी कधी नव्हते इतके अन्न मिळाले. अर्जेंटिनाच्या नेउकेन प्रांतातील कुल्पेओवर क्रेस्पो व दे कार्लो यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मेंढ्या व हेअर यांचा प्रसार झाल्यानंतर तेथील कुल्पेओंची संख्या वाढली, असे त्यांनी दाखविले. मेंढपाळ ज्याला शत्रू मानत होता, त्या शत्रूची वाढ मेंढपाळाच्याच व्यवसायाने घडवून आणली होती.

५. हेअर व रॅबिट

हेअर १८८० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातून अर्जेंटिनात आणण्यात आले. शिकारीच्या हौसेसाठी सोडलेला हा प्राणी तेथून पातागोनियात व पुढे अँडीज पर्वत ओलांडून चिलीत पसरला. साधारण तीन-चार किलोचा हेअर हे कुल्पेओच्या दृष्टीने सोयीचे भक्ष्य होते. उंदरापेक्षा कितीतरी अधिक मांस देणारे आणि गुआनाकोपेक्षा पकडण्यास सोपे असे भक्ष्य त्या गवताळ प्रदेशात पूर्वी मुबलक नव्हते. नोवारो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, नेउकेनमधील कुल्पेओ व प्यूमा यांच्या आहारात हेअर, मेंढी व लाल हरीण या आणलेल्या प्राण्यांचेच प्राबल्य होते. गुआनाको, रिया हा पक्षी आणि मारा हा कृंतक हे मूळचे प्राणी त्या प्रदेशातून पूर्णपणे नाहीसे झालेले नव्हते. पण भक्ष्य म्हणून त्यांचे अस्तित्व नगण्य झाले होते. या स्थितीला त्यांनी ‘परिसंस्थात्मक नामशेषता’ असे म्हटले. भक्षकाच्या विष्ठेत आपल्याच प्रदेशातील प्राण्यांचे केस सापडेनासे होणे, हा त्या प्रदेशाच्या इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा मानावा लागतो.

मध्य चिलीत रॅबिटच्या बाबतीत वेगळा अनुभव आला. तेथील झुडुपी टेकड्यांवर रॅबिट मोठ्या प्रमाणावर वाढले. परंतु स्थानिक शिकारी प्राणी त्यांच्याकडे प्रारंभी अपेक्षेइतके वळले नाहीत. याक्सिच व सोरिगेर यांनी १९८१ मध्ये चिली व स्पेन येथील तुलनात्मक अभ्यासात असे दाखविले की, मायदेशी, म्हणजे स्पेनमध्ये, रॅबिट हे भक्षकांचे प्रमुख अन्न आहे. चिलीत मात्र त्याचा वापर कमी होतो. पुढे १९८६ मध्ये सिमोनेत्ती यांनी कुल्पेओच्या आहारात मानवी हस्तक्षेपामुळे झालेला बदल नोंदविला आणि त्यात रॅबिटचे वाढते महत्त्व दिसून आले. म्हणजेच भक्षक नवे अन्न स्वीकारतो, पण त्यास काळ लागतो. एखाद्या वर्षी केलेल्या पाहणीवरून ‘या प्रजातीचा आहार असा आहे’ असे कायमचे विधान करणे म्हणूनच धोक्याचे ठरते. त्या विधानाला स्थळाबरोबर काळाचीही मर्यादा असते.

६. तिएरा देल फुएगोवरील प्रयोग

आहाराविषयीचा अंदाज थेट शासकीय धोरणाचा आधार झाला, तो तिएरा देल फुएगो बेटावर. या बेटावर मुळात कुल्पेओ हे एकच खोकड होते. करडे खोकड तेथे नव्हते. बेटाच्या चिलीकडील उत्तर भागात १९३६ मध्ये सोडलेले थोडे रॅबिट इतके वाढले की, १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांची संख्या सुमारे तीन कोटी झाल्याचा अंदाज व्यक्त करण्यात आला. मेंढ्यांचे गवत रॅबिट खाऊ लागल्यामुळे लोकरीचा व्यवसाय अडचणीत आला. तेव्हा १९५१ मध्ये मुख्य भूमीवरून सुमारे दोन डझन करडी खोकडे आणून बेटावर सोडण्यात आली. खोकड ससे खाते, म्हणून खोकडे सोडली की ससे कमी होतील, असा साधा हिशेब त्यामागे होता.

हा हिशेब तीन कारणांनी चुकला. करडे खोकड हे सर्वभक्षी आहे. उंदीर, कीटक, पक्ष्यांची अंडी, फळे, मृतमांस यांपैकी जे सहज मिळेल ते खाण्याकडे त्याचा कल असतो. पूर्ण वाढलेला रॅबिट हे तीन-चार किलोच्या प्राण्यासाठी सोपे भक्ष्य नाही. शिवाय रॅबिटच्या प्रजननाचा वेग इतका असतो की, मूठभर भक्षकांनी मारलेल्यांची भरपाई लगेच होते. अखेर १९५४ मध्ये मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू सोडण्यात आला आणि रॅबिटची संख्या झपाट्याने घटली. याक्सिच व यान्येस यांनी १९८३ मध्ये या संपूर्ण प्रकरणाचा आढावा घेतला. रॅबिटवरील नियंत्रणाचे श्रेय खोकडांना नसून विषाणूला आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

रॅबिट घटले, परंतु करडी खोकडे राहिली व बेटावर पसरली. आज तिएरा देल फुएगोवर कुल्पेओ व करडे खोकड एकत्र राहतात, ते उत्क्रांतीच्या दीर्घ प्रक्रियेतून साधलेले सहअस्तित्व नव्हे. ते १९५१ च्या एका निर्णयाचे फलित आहे. एखाद्या अभ्यासकाने हा इतिहास न पाहता केवळ आजच्या आहाराची मोजणी केली, तर त्या मोजणीचा चुकीचा अर्थ लागण्याचा संभव आहे.

७. सिद्धांत आणि त्याची फेरतपासणी

१९७० च्या दशकात चिलीतील तरुण परिसंस्थाशास्त्रज्ञांनी खोकडांच्या आहाराकडे नव्या दृष्टीने पाहण्यास सुरुवात केली. फुएन्तेस व याक्सिच यांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार असा : मध्य चिलीत अँडीज पर्वत उंच असल्यामुळे कुल्पेओ वरच्या भागात व करडे खोकड खालच्या भागात राहते, दोघांच्या आकारात तेथे फारसा फरक नाही. दक्षिणेकडे पर्वत ठेंगणे होत जातात, दोघे एकाच भूभागात येतात आणि तेथे कुल्पेओ मोठे व करडे खोकड लहान होत गेलेले आढळते. आकार वेगळे झाल्याने भक्ष्याचे आकारही वेगळे होतात व स्पर्धा सौम्य होते. एकत्र राहणाऱ्या प्रजातींची शरीरलक्षणे परस्परांपासून दूर सरकतात, ही कल्पना ब्राउन व विल्सन यांनी १९५६ मध्येच मांडली होती. चिलीची खोकडे तिचे ठळक उदाहरण ठरली.

१९९६ मध्ये हिमेनेस व सहकाऱ्यांनी या सिद्धांताची फेरतपासणी केली. उत्तर-मध्य चिलीतही ही दोन खोकडे एकाच ठिकाणी राहतात आणि तेथे त्यांच्या आहारात मोठे साम्य आहे, असे त्यांना आढळले. त्यामुळे उत्तरेत दोघे उंचीनुसार विभक्त आहेत हे गृहीतक डळमळीत झाले. आकार व आहार यांच्याइतकेच जागेच्या वापरालाही महत्त्व द्यावे लागते, ही जाणीव त्यातून दृढ झाली.

जागेच्या वापराचा सविस्तर पुरावा दक्षिण चिलीतील तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानातून मिळाला. वॉरन जॉन्सन व विल्यम फ्रँकलिन यांनी तेथे खोकडांच्या गळ्यात रेडिओपट्टे बसवून त्यांच्या हालचालींचा मागोवा घेतला आणि विष्ठेचे विश्लेषण केले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनुसार कुल्पेओ दाट झुडुपे व झाडी पसंत करते आणि त्याच्या आहारात हेअर व उंदीर यांचे प्रमाण मोठे असते. करडे खोकड उघड्या प्रदेशात राहते आणि उंदरांबरोबरच कीटक, मृतमांस व वनस्पतिजन्य पदार्थ असा मिश्र आहार घेते. दोघांचे वावरक्षेत्र फारसे एकमेकांवर येत नाही. चांगले अन्न असलेली जागा मोठे खोकड व्यापते आणि लहान खोकड उरलेल्या जागेत भागवून घेते, असा याचा अर्थ लावता येतो. येथेही हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे की, या वाटणीतील सर्वांत मोलाचे भक्ष्य, म्हणजे हेअर, त्या प्रदेशातील मूळचे नव्हते.

८. तिन्ही खोकडांचा अधिवास : नाहुएलबुता

डार्विनचे खोकड हे केवळ चिलोए बेटावरचे, म्हणून करड्या खोकडाचाच एक बेटवासी प्रकार, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९९० मध्ये मेदेल व सहकाऱ्यांनी मुख्य भूमीवरील नाहुएलबुता राष्ट्रीय उद्यानात त्याचे अस्तित्व असल्याचे प्रसिद्ध केले. हे ठिकाण चिलोएपासून शेकडो किलोमीटर उत्तरेस आहे. १९९६ मध्ये याहन्के व सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्याने ती स्वतंत्र प्रजाती असल्याचे दाखविले. २०१३ च्या सुमारास वाल्दिव्हिया परिसरातील किनारी पर्वतराजीतूनही तिच्या नोंदी मिळाल्या. त्यावरून हे खोकड एकेकाळी दक्षिण-मध्य चिलीच्या जंगलपट्ट्यात सलग पसरलेले असावे आणि जंगलतोडीने त्याचे तुकडे पडले असावेत, असे अनुमान निघते.

नाहुएलबुता परिसरात तिन्ही खोकडे आढळतात. डार्विनचे खोकड दाट जंगलात राहते. कीटक, लहान उंदीर, सरडे, बेडूक, फळे असा त्याचा आहार ऋतूनुसार बदलतो. शरद ऋतूत आरौकारिया वृक्षाच्या पिष्टमय बिया त्यात भर घालतात. चिलोएच्या किनाऱ्यावर ते कवचधारी जलचरांसारखे समुद्रकाठचे अन्नही खाते. या यादीत मेंढी व हेअर यांना महत्त्वाचे स्थान नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. तिघांपैकी याच खोकडाचा आहार प्रामुख्याने मूळच्या जंगलावर अवलंबून राहिला. त्यामुळे जंगल आटत जाताच त्याच्यापुढे पर्याय उरला नाही. नाहुएलबुता उद्यान १९३९ मध्ये स्थापन झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ६८ चौरस किलोमीटर असून सभोवती पाइन व निलगिरीच्या व्यापारी लागवडी आहेत. जंगलाबाहेरील मोकळ्या भागात मोठ्या खोकडांशी गाठ पडते, तर वस्तीकडील मोकाट कुत्र्यांपासून हल्ल्याचा व डिस्टेंपरसारख्या रोगाचा धोका असतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००४ मध्ये ही प्रजाती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरविली होती. नवीन ठिकाणे सापडल्यावर २०१६ मध्ये तिची वर्गवारी ‘संकटग्रस्त’ अशी करण्यात आली.

९. पुराव्याचे स्वरूप व मर्यादा

या सर्व अभ्यासांचा मुख्य आधार विष्ठा-विश्लेषण हा आहे. वाळलेली विष्ठा धुऊन त्यातील केस, दात, हाडांचे तुकडे, कीटकांची कवचे व बिया वेगळ्या करावयाच्या आणि संग्रहातील नमुन्यांशी ताडून भक्ष्य ओळखावयाचे, अशी ही पद्धत आहे. प्राण्याला न मारता आहार समजतो, हा तिचा मोठा लाभ होय. तथापि, तिच्या मर्यादा इतिहासाच्या अभ्यासकाला परिचित वाटाव्यात अशा आहेत. दस्तऐवज जे टिकले त्याचेच बोलतात. विष्ठेतही केस व हाडे टिकतात, मऊ मांस टिकत नाही. एकाच परिसरातील दोन खोकडांच्या विष्ठा आकारावरून ओळखताना गफलत होऊ शकते, म्हणून अलीकडे त्यासाठी जनुकीय चाचणीचा आधार घेतला जातो.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा मेंढीसंबंधी आहे. विष्ठेत लोकर सापडली, एवढ्यावरून खोकडाने मेंढी मारली असे सिद्ध होत नाही. थंडी, उपासमार किंवा प्रसूतीच्या अडचणींमुळे मेलेल्या मेंढीचे मांस खाल्ले तरी लोकर सापडतेच. कुल्पेओ लहान कोकरे मारते, हे अभ्यासकांनी नाकारलेले नाही आणि लहान पशुपालकाचे त्यामुळे होणारे नुकसान खरे असते. मात्र, करड्या खोकडाच्या विष्ठेतील लोकर ही बहुतांशी मृतमांसाची खूण असण्याची शक्यता अधिक असते. बक्षीस देऊन मारण्याच्या काळात हा भेद करण्यात आला नाही. दोन्ही खोकडे एकाच आरोपाखाली मारली गेली.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) चिली व पातागोनियातील खोकडांच्या आहाराची वाटणी शरीराचा आकार, अधिवास व भक्ष्याची उपलब्धता यांवर अवलंबून आहे, परंतु भक्ष्याची उपलब्धता ही १८७७ नंतर मोठ्या प्रमाणावर मानवी व्यवहारांनी ठरविली आहे.

२) मेंढी, हेअर व रॅबिट यांच्या आगमनाने तिन्ही खोकडांवर सारखा परिणाम झाला नाही. कुल्पेओला नवे अन्न मिळाले व त्याबरोबर वैरही मिळाले. करडे खोकड मिश्र आहारामुळे टिकले व एका बेटावर तर मानवानेच ते नेले. डार्विनचे खोकड जंगलातील अन्नाशी बांधलेले राहिल्यामुळे जंगलाबरोबर आक्रसले.

३) वॉराचा नाश आणि १९५१ चा तिएरा देल फुएगोवरील प्रयोग ही दोन्ही उदाहरणे आहाराची तपासणी न करता घेतलेल्या निर्णयांची आहेत. पहिल्यात भक्षकाला अवाजवी दोषी ठरविले गेले, दुसऱ्यात त्याच्याकडून अवाजवी अपेक्षा ठेवली गेली.

४) एका काळातील विष्ठा-विश्लेषणावरून प्रजातीचा ‘नैसर्गिक’ आहार ठरविणे अपुरे आहे. पशुपालनाच्या नोंदी, प्राणी आणल्याच्या तारखा, जुने प्रवासवृत्तान्त आणि संग्रहालयातील नमुने यांचा आधार घेऊनच त्या आहाराचा योग्य अर्थ लागू शकतो.

संरक्षणाच्या योजना आखताना अभयारण्यात मूळची भक्ष्ये पुन्हा वाढविणे, पशुपालकांच्या नुकसानीची प्रत्यक्ष शहानिशा करणे आणि मोकाट कुत्र्यांवर नियंत्रण ठेवणे या उपायांना या इतिहासातून आधार मिळतो. त्यासाठी प्राणिशास्त्र व इतिहास या दोन विद्याशाखांनी एकत्र काम करण्याची आवश्यकता आहे.